मांजामुळे होणाऱ्या इजा

मांजामुळे होणाऱ्या इजा म्हणजे पतंग उडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धारदार दोऱ्यामुळे माणसांना, पक्ष्यांना आणि जनावरांना होणाऱ्या जखमा. भारतात विशेषतः मकर संक्रांतीच्या आसपास, म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी महिन्यांत, अशा इजांचे प्रमाण वाढते. हाताची बोटे कापण्यापासून गळ्यातील रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका चिरली जाण्यापर्यंत या इजांचे स्वरूप असू शकते. महाराष्ट्रात पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नाशिक आणि नागपूर या शहरांत मांजाने गळा कापून दुचाकीस्वारांचे मृत्यू झाले आहेत.

गंभीर इजा झालेली व्यक्ती बहुतेक वेळा पतंग उडवणारी नसते. ती रस्त्याने जाणारी असते. तिचा त्या खेळाशी संबंध नसतो आणि समोर दोरा आहे हे तिला दिसतही नाही. त्यामुळे या इजा टाळण्याचा मुख्य उपाय रस्त्यावरच्या सावधगिरीत नसून पतंगासाठी कोणता दोरा वापरला जातो यात आहे. कृत्रिम धाग्याच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे.

मांजा आणि त्याचे प्रकार

पतंगाच्या दोऱ्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला साधा सुती दोरा. त्याला कोणताही धारदार थर नसतो. दुसरा पारंपरिक मांजा. सुती दोऱ्याला भाताची किंवा मैद्याची खळ, सरस, रंग आणि बारीक वाटलेली काचेची पूड यांचे मिश्रण लावून तो तयार करतात. दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्यावर हाताने लगदा फिरवण्याची ही पद्धत उत्तर भारतात आणि गुजरातमध्ये आजही दिसते. उत्तर प्रदेशातील बरेली हे शहर या व्यवसायासाठी विशेष प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत पूर्वी घरच्या घरी किंवा गल्लीतल्या मुलांनी मिळून मांजा घोटण्याची पद्धत होती.

तिसरा प्रकार नायलॉन मांजा. हा प्लास्टिकच्या एकसंध धाग्यापासून बनतो. त्यावर काच किंवा धातूची भुकटी चिकटवलेली असू शकते. बाजारात त्याला ‘चिनी मांजा’ असे नाव पडले. मात्र हे नाव त्याच्या उगमाविषयी दिशाभूल करणारे आहे, कारण असा मांजा भारतातही तयार होतो. स्वस्त, हलका आणि न तुटणारा असल्यामुळे तो पतंगबाजांमध्ये लवकर लोकप्रिय झाला.

सुती मांजा आणि नायलॉन मांजा यांच्यातील महत्त्वाचा फरक धारेपेक्षा तुटण्याच्या गुणात आहे. सुती दोरा पुरेसा ताण आला की तुटतो, पावसात भिजला की कमकुवत होतो आणि काही काळाने कुजतो. नायलॉनचा धागा ताणला जातो, पण सहज तुटत नाही. तो पाण्याने खराब होत नाही आणि झाडावर किंवा तारेवर दीर्घकाळ टिकून राहतो. काच लावलेला सुती मांजाही निर्धोक नसतो. त्यानेही बोटे, चेहरा आणि गळा कापला जाऊ शकतो.

पतंगबाजी आणि काटाकाटी

महाराष्ट्रात पतंग उडवण्याचा मुख्य हंगाम मकर संक्रांतीचा असतो. नाशिक जिल्ह्यातील येवला येथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगोत्सव चालतो. दोरा गुंडाळण्याच्या साधनाला तेथे आसारी म्हणतात. इतरत्र त्यालाच फिरकी किंवा चक्री म्हटले जाते. नागपूर आणि विदर्भातील इतर शहरे, नाशिक, पुणे आणि मुंबई येथेही घरांच्या गच्च्यांवरून आणि मोकळ्या मैदानांवरून पतंग उडवले जातात.

या खेळाचे आकर्षण केवळ पतंग आकाशात तरंगण्यात नसून काटाकाटीत असते. दोन पतंगांचे दोरे एकमेकांत अडकवून, कधी ढील देऊन तर कधी झटक्याने खेचून, प्रतिस्पर्ध्याचा पतंग कापला जातो. दोऱ्याला काच लावण्याची प्रथा या चुरशीतूनच रूढ झाली. समोरच्याकडे नायलॉन मांजा असेल तर सुती दोरा वापरणाऱ्याचा टिकाव लागत नाही आणि तोही नायलॉनकडे वळतो. एका गल्लीत एकाने असा मांजा आणला की तो सर्वत्र पसरतो, याचे कारण ही चढाओढ आहे.

प्रत्येक काटाकाटीनंतर कापलेल्या पतंगाबरोबर दोऱ्याचा लांब तुकडा वाऱ्यावर वाहत जातो. तो झाडांवर, विजेच्या तारांवर, पथदिव्यांच्या खांबांवर आणि पुलांच्या कठड्यांवर अडकतो. खेळ संपल्यानंतरही धोका उरतो तो या सुटलेल्या दोऱ्यामुळे.

इजा कशी होते

दोऱ्याचा व्यास अत्यंत कमी असल्यामुळे त्यावर पडणारा सारा ताण त्वचेच्या अतिशय अरुंद रेषेवर एकवटतो. बोथट वस्तूने जे बल सहज सोसले गेले असते, तेच बल अशा रेषेवर पडले की त्वचा चिरते. दोरा त्वचेवरून सरकू लागला की त्यावरील काचेचे कण करवतीसारखे काम करतात. दोरा वेळीच तुटला तर जखम वरवरची राहते. तो तुटला नाही तर स्नायू, रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकेपर्यंत पोहोचतो.

दुचाकीस्वाराच्या बाबतीत वेग निर्णायक ठरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एवढा वेळ जातो. आडवा ताणलेला बारीक दोरा, त्यातही पारदर्शक किंवा फिकट रंगाचा, इतक्या अंतरावरून दिसण्याची शक्यता फार कमी असते. चालकाचा गळा दोऱ्यावर आदळतो तेव्हा वाहन पुढे जातच असते. अनेकदा तो दोरा हाताने दूर करण्याचा प्रयत्न करतो. त्यात बोटेही कापली जातात आणि तोल जाऊन वाहन घसरते.

पूल आणि उड्डाणपूल येथे धोका अधिक असतो. आजूबाजूच्या वस्तीतून उडणाऱ्या पतंगांचे दोरे पुलाच्या उंचीवरून जातात, मध्ये त्यांना अडवणारी झाडे किंवा इमारती नसतात, दिव्यांच्या खांबांमध्ये दोरा आडवा अडकून राहतो आणि वाहनांचा वेगही तेथे वाढलेला असतो.

इजांचे प्रकार

गळा आणि चेहरा: गळ्याच्या पुढील व बाजूच्या भागात त्वचेखाली थोड्याच खोलीवर मोठ्या शिरा, रोहिणी, श्वासनलिका आणि स्वरयंत्र असते. त्यामुळे येथील जखम सर्वांत घातक ठरते. मोठी रक्तवाहिनी कापली गेल्यास काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. ओठ, गाल, नाक, पापण्या आणि कान यांवरही खोल चिरा पडतात. डोळ्याला इजा झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

हात आणि बोटे: पतंग उडवणाऱ्यांना होणारी ही सर्वांत सामान्य इजा आहे. ढील देताना किंवा खेचताना तर्जनीच्या पेऱ्यांवर चिरा पडतात. जखम बाहेरून लहान दिसली तरी बोट वाकवणारी स्नायुरज्जू किंवा संवेदना वाहून नेणारी नस कापली गेलेली असू शकते. बोट वाकत नसेल किंवा त्याचा शेंडा बधिर झाला असेल तर शल्यचिकित्सकाकडून तपासणी आवश्यक असते.

पाय: जमिनीवर पडलेला मांजा चालणाऱ्याच्या घोट्याभोवती किंवा पोटरीभोवती गुंडाळला जातो. त्याचे दुसरे टोक एखाद्या धावत्या वाहनात अडकल्यास तो आवळला जाऊन खोल जखम होते.

पडणे आणि अपघात: कठडा नसलेल्या गच्चीवरून, पत्र्यावरून किंवा झाडावरून पडणे, तसेच कापलेल्या पतंगामागे धावताना रस्त्यावर किंवा लोहमार्गावर वाहनाखाली येणे, हे अपघात मुख्यतः मुलांच्या बाबतीत घडतात.

विजेचा धक्का: धातूची भुकटी लावलेला किंवा ओला झालेला दोरा विजेचा वाहक बनतो. तो उच्चदाब वाहिनीला लागल्यास पतंग उडवणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो. लोखंडी सळईने किंवा ओल्या काठीने तारेवरचा पतंग काढण्याचा प्रयत्न तितकाच घातक असतो. रेल्वेच्या विद्युतवाहिनीचा दाब २५,००० व्होल्ट असतो. तिच्या जवळ गेल्यासही, प्रत्यक्ष स्पर्श न होता, ठिणगी पडून माणूस भाजू शकतो.

महाराष्ट्रातील घटना

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात महानगरपालिका भवनाजवळच्या शिवाजी पुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेचा गळा मांजाने कापला गेला. काही दिवसांच्या उपचारांनंतर तिचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडमधील नाशिक फाटा उड्डाणपुलावर आणखी एका दुचाकीस्वार तरुणीचा अशाच प्रकारे मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये नाशिकमध्ये एका दुचाकीस्वार महिलेचा आणि जानेवारी २०२१ मध्ये नागपूरमध्ये एका तरुणाचा मांजाने गळा चिरल्यामुळे जीव गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत पश्चिम द्रुतगती महामार्गावरील वाकोला पुलावर, कर्तव्य संपवून दुचाकीने घरी निघालेल्या एका पोलीस शिपायाचा मृत्यू झाला.

या पाच घटनांपैकी किमान तीन पुलांवर घडल्या. पाचपैकी एकच जानेवारीतील आहे, तर एक चक्क ऑक्टोबरमधील. संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांपुरती सावधगिरी पुरेशी नसल्याचे यावरून स्पष्ट होते. विक्री आणि सराव संक्रांतीच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतात, काही वस्त्यांत वर्षभर पतंग उडवले जातात आणि न कुजणारा दोरा हंगामानंतरही लोंबकळत राहतो.

ग्रामीण भागातील स्थिती

मांजाच्या इजांची चर्चा प्रामुख्याने शहरांच्या संदर्भात होत असली तरी हा धोका खेड्यांतही आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी इनामगावसारखी बागायती गावे आहेत. तेथे पतंगासाठी मोकळी जागा भरपूर असते, पण शेतांवरून कृषिपंपांच्या वीजवाहिन्याही गेलेल्या असतात. संक्रांतीचा काळ ऊसतोडणीचा असतो. ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि दुचाकी यांची रस्त्यांवरील वर्दळ वाढलेली असते. बांधावर आणि कोपींच्या आसपास पडलेला दोरा माणसांच्या तसेच बैलांच्या पायांत अडकू शकतो. चाऱ्याबरोबर नायलॉनचा दोरा पोटात गेल्यास गुरांच्या पचनमार्गात अडथळा निर्माण होण्याचा धोका असतो.

ग्रामीण भागात शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय दूर असते. त्यामुळे गळ्यासारख्या जखमेत जागेवरच रक्तस्राव रोखण्याला शहरापेक्षाही अधिक महत्त्व येते. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसह अनेक स्थलांतरित पक्षी येतात. त्यांच्या मुक्कामाचा आणि पतंगांचा काळ एकच असल्याने पाणथळींच्या परिसरात पतंग न उडवणे इष्ट ठरते.

पक्ष्यांना होणाऱ्या इजा

घारी, कबुतरे, पोपट, बगळे, घुबडे आणि वटवाघळे यांना मांजाचा मोठा फटका बसतो. उडताना दोरा पंखाच्या पुढच्या कडेला लागतो. तेथील पातळ त्वचा, स्नायू आणि कधी हाडही कापले जाते. पंखाची जखम भरली तरी पक्षी पुन्हा उडेलच याची खात्री नसते. झाडावर अडकलेल्या दोऱ्यात पाय किंवा पंख गुंतल्यास पक्षी तेथेच लटकून राहतो आणि भूक, तहान व थकव्याने मरतो. बगळ्यांसारखे पक्षी ज्या झाडांवर समूहाने रात्र काढतात, तेथे उरलेला दोरा पुढे अनेक महिने सापळ्यासारखा राहतो. सकाळी पक्षी थव्याने बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात. त्यामुळे या दोन वेळा त्यांच्यासाठी सर्वाधिक धोक्याच्या असतात. गुजरात शासन २०१७ पासून संक्रांतीच्या काळात जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ राबवते. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर जखमी वन्य पक्ष्यांची माहिती देता येते.

कायदेशीर तरतुदी

१५ ऑगस्ट २०१६ रोजी दिल्लीत मोटारीच्या छतातून डोके बाहेर काढलेल्या दोन बालकांचा मांजाने गळा कापून मृत्यू झाला. या घटनेनंतर हा प्रश्न देशपातळीवर चर्चेत आला. दिल्ली शासनाने जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचना काढून नायलॉन, प्लास्टिक आणि काच किंवा धातू लावलेल्या सर्व मांजांवर बंदी घातली आणि केवळ साध्या सुती दोऱ्याला परवानगी दिली.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि ११ जुलै २०१७ रोजी अंतिम निकालाद्वारे नायलॉन किंवा अन्य कृत्रिम पदार्थांपासून बनवलेल्या, तसेच कृत्रिम पदार्थाचा थर असलेल्या व न कुजणाऱ्या मांजाचे उत्पादन, विक्री, साठा आणि वापर यांवर संपूर्ण देशात बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांनी या विषयाची स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला कारवाईचे निर्देश दिले आहेत.

बंदीचे उल्लंघन करणाऱ्यांवर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ नुसार कारवाई होऊ शकते. या अधिनियमात पूर्वी कारावासाची तरतूद होती. जनविश्वास अधिनियम, २०२३ द्वारे झालेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या सुधारणेनुसार आता १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आकारता येतो. संक्रांतीपूर्वी पोलीस प्रशासन मनाई आदेश काढते. त्याचा भंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार गुन्हा आहे. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या कृतीसाठी कलम १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते.

अंमलबजावणीत प्रमुख अडचण पुराव्याची असते. कापलेला दोरा कोणत्या गच्चीवरून आला हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. छुपी आणि ऑनलाइन विक्री, तसेच ‘केवळ औद्योगिक वापरासाठी’ अशा शिक्क्याआड होणारा पुरवठा यांमुळेही बंदी निष्प्रभ होते. म्हणून कारवाईचा भर हंगामापूर्वी उत्पादक, घाऊक व्यापारी आणि साठवणुकीची ठिकाणे यांवर असणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रतिबंधक उपाय

पतंग उडवणाऱ्यांसाठी: काच न लावलेला साधा सुती दोरा वापरणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. पतंग मोकळ्या मैदानात, रस्ते, पूल, लोहमार्ग आणि वीजवाहिन्यांपासून दूर उडवावा. गच्चीला पुरेशा उंचीचा कठडा असावा आणि लहान मुलांसोबत मोठी व्यक्ती असावी. बोटांना चिकटपट्टी लावल्याने किंवा बोटमोजे घातल्याने उडवणाऱ्याचे रक्षण होते. रस्त्यावरच्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नसतो. पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास पतंग उडवणे टाळावे. तारेवर किंवा रोहित्रावर अडकलेला पतंग काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याची माहिती महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर द्यावी.

पालक आणि शाळांसाठी: मुलांनी आणलेली फिरकी पालकांनी तपासणे आवश्यक आहे. दोरा बोटांनी तोडून पाहणे ही एक सोपी प्राथमिक खूण आहे: सहज न तुटणारा, ताणला की लांबणारा आणि गुळगुळीत चकाकणारा धागा नायलॉनचा असण्याची शक्यता असते. जळते टोक वितळून त्याचा कडक गोळा झाल्यास धागा कृत्रिम असतो. सुती दोरा जळून त्याची राख होते. ही दुसरी चाचणी मोठ्या माणसानेच करावी. डिसेंबरमध्येच शाळांतून माहिती दिल्यास खरेदीपूर्वी मुलांपर्यंत पोहोचता येते.

दुचाकीस्वारांसाठी: पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, काच खाली केलेली, आणि गळ्याभोवती जाड सुती मफलर किंवा गळपट्टा यांमुळे जखमेची तीव्रता कमी होते. संक्रांतीच्या काळात, विशेषतः दुपारनंतर, पुलांवर वेग कमी ठेवावा. हँडलवर बसवलेली तारेची कमान किंवा उभी सळई दोरा गळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अडवते. मुलाला दुचाकीच्या पुढच्या भागात उभे करून नेऊ नये, कारण दोरा आधी त्याच्याच चेहऱ्याला किंवा गळ्याला लागतो. मोटारीच्या छतातून किंवा खिडकीतून डोके बाहेर काढू नये. ही सर्व साधने संरक्षण वाढवतात, परंतु धोका पूर्णपणे नाहीसा करत नाहीत.

स्थानिक संस्थांसाठी: सुरतमध्ये संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवले जातात, नागपुरातही पोलिसांनी असा उपाय योजला आहे. पुलांच्या दिव्यांच्या खांबांमध्ये उंचावर आडव्या तारा बांधल्यास खाली येणारा दोरा वरच अडतो. हंगाम संपल्यावर झाडे, खांब आणि कठडे यांवरील दोरा गोळा करण्याची मोहीम राबवणे गरजेचे असते. गोळा केलेला दोरा लहान तुकडे करून बंद पिशवीत टाकावा; तो उघड्यावर फेकू नये आणि नायलॉन असल्यास जाळू नये.

प्रथमोपचार

गळ्याची जखम ही आणीबाणी समजावी. अशा वेळी पुढील क्रमाने मदत करावी.

१. वाहन थांबवून जखमीला रस्त्याच्या कडेला सुरक्षित ठिकाणी न्यावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.
२. रक्त जेथून येत असेल त्या जागीच स्वच्छ कापड, रुमाल किंवा ओढणीची घडी ठेवून हाताने घट्ट दाब द्यावा. मध्यभागी श्वासनलिकेवर दाब पडू देऊ नये आणि गळ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत.
३. कापड रक्ताने भिजल्यास ते न काढता त्यावर दुसरी घडी ठेवावी. जखम पुन्हापुन्हा उघडून पाहू नये.
४. गळ्याभोवती आवळून पट्टी बांधू नये.
५. जखमीला आडवे झोपवावे. श्वास घेण्यास त्रास होत असेल किंवा तोंडात रक्त येत असेल तर त्याला सोयीच्या, किंचित पुढे झुकलेल्या स्थितीत बसू द्यावे.
६. खाण्यापिण्यास काहीही देऊ नये. हळद, चुना, तंबाखू किंवा कॉफीची पूड जखमेवर लावू नये.
७. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दाब सोडू नये.

आवाज बसणे, जखमेतून बुडबुडे येणे, श्वास घेताना घरघर होणे किंवा गळ्यावर सूज वाढत जाणे ही श्वासनलिकेच्या किंवा मोठ्या रक्तवाहिनीच्या इजेची लक्षणे असू शकतात. रक्तस्राव थांबल्यासारखा वाटला तरी गळ्याच्या प्रत्येक खोल जखमेची रुग्णालयात तपासणी व्हायला हवी.

हाताची किरकोळ जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन त्यावर दाब द्यावा आणि स्वच्छ पट्टी बांधावी. धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बोटाचा तुकडा वेगळा झाल्यास तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकड्याचा बर्फाशी थेट संपर्क येऊ देऊ नये. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला, वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, स्पर्श करू नये. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीला मोटार वाहन अधिनियमातील कलम १३४अ अन्वये कायदेशीर संरक्षण आहे.

पक्षी मांजात अडकल्यास दोरा ओढून काढू नये. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापावा, पक्ष्यावर हलके कापड टाकून त्याला छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि त्याच्या चोचीत पाणी न ओतता वन विभागाशी किंवा पशुवैद्यकाशी संपर्क साधावा.

इतर देशांतील अनुभव

पाकिस्तानातील पंजाब प्रांतात वसंताच्या पतंगोत्सवात काच आणि धातू लावलेल्या दोऱ्यांमुळे अनेक मृत्यू झाले आणि २००५ साली तेथे पतंगबाजीवरच बंदी आली. ब्राझीलमध्ये मोटारसायकलच्या हँडलवर दोरा कापणारी उभी सळई लावण्याची पद्धत आहे. मोटारसायकलवरून मालाची ने-आण करणाऱ्या व्यावसायिकांना ती २००९ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. चिलीमध्ये काच लावलेल्या दोऱ्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर कायद्याने बंदी आहे. या देशांतील उपायांतून दोन दिशा दिसतात. एक म्हणजे खेळच बंद करणे आणि दुसरी म्हणजे खेळ ठेवून धोकादायक दोरा हटवणे. भारतातील कायद्याने दुसरी दिशा स्वीकारली आहे.

सुरक्षित पतंगबाजी

मांजावरील बंदीमुळे पतंगाची परंपरा संपेल असा आक्षेप काही वेळा घेतला जातो. मात्र पतंग उडण्यासाठी धारदार दोऱ्याची गरज नसते. ती केवळ दुसऱ्याचा पतंग कापण्यासाठी असते. साध्या सुती दोऱ्यावर चालणाऱ्या स्पर्धांत पतंगाची उंची, आकार, सजावट आणि नियंत्रण यांना गुण देता येतात. नेमून दिलेल्या मैदानावर अशा स्पर्धा झाल्यास कारागिरांना पतंग, फिरकी आणि सुती दोरा यांतून रोजगारही मिळत राहतो. एकट्याने नायलॉन सोडणारा काटाकाटीत हरतो. संपूर्ण गल्लीने किंवा मंडळाने एकत्र ठरवल्यास मात्र सर्वांचा खेळ बरोबरीचा राहतो आणि खालून जाणाऱ्या रस्त्याला त्याचा धोका उरत नाही.

हेसुद्धा पाहा

पतंग
मकर संक्रांत
राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण
प्रथमोपचार
येवला